रहीम मास्तरांचा संघ

२०२२ च्या डिसेंबरात कतारमध्ये मोरोक्कोचा संघ फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला, तेव्हा कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत मध्यरात्र उलटली तरी टीव्ही चालू होता. कुणाचा भाऊ दोह्याला, कुणाचा जावई कुवेतला, कुणाचे अब्बा वीस वर्षे दुबईत काढून परत आलेले. त्यामुळे ती स्पर्धा परक्या मुलखातली कुणाला वाटलीच नाही. आफ्रिकेतल्या किंवा अरब जगतातल्या कोणत्याही देशाने त्याआधी विश्वचषकात एवढी मजल मारली नव्हती. लोकांना आनंद झाला आणि तो रास्तही होता.

आम्ही खेड तालुक्यातल्या लोटे गावी शिक्षक आहोत. आमच्या वर्गातल्या मुलांना मेस्सीचे गोल पाठ आहेत, रोनाल्डोचे वय माहीत आहे, एमबाप्पे कोणत्या क्लबात गेला हेही ती सांगतात. त्याच मुलांना आम्ही सांगितले, की आपला भारत एके काळी फुटबॉलमध्ये आशियाचा विजेता होता आणि मोरोक्कोच्या ६६ वर्षे आधी ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत खेळला होता, तर मुले एकमेकांकडे बघून हसतात. सर थट्टा करताहेत असे त्यांना वाटते. त्यात मुलांचा काही दोष नाही, कारण ही गोष्ट त्यांना घरात किंवा शाळेत कुणी सांगितलेलीच नसते.

म्हणून ती इथे सांगायची आहे. या गोष्टीच्या मध्यभागी उभा असलेला माणूस राजा, नवाब किंवा मोठा खेळाडू नव्हता. तो शाळामास्तर होता, आणि तेही ही गोष्ट सांगण्याचे एक कारण आहे.

आधी हिशेब

स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेला. तालिमेरेन आओ हे नागा तरुण कर्णधार होते. समोर फ्रान्स होता आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि आपण १-२ असे हरलो. पण अनवाणी पोरांनी फ्रान्सला शेवटपर्यंत झुंजवले याची चर्चा झाली.

१९५१ मध्ये दिल्लीत पहिले एशियाड भरले. अंतिम सामन्यात मेवालालच्या एकमेव गोलवर भारताने इराणला हरवले आणि सुवर्णपदक घेतले. कर्णधार होते शैलेन मन्ना. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा तो आशियातला पहिला देश. १९५८ च्या टोकियो एशियाडमध्ये पुन्हा चौथा क्रमांक. १९६० मध्ये रोम ऑलिम्पिक. १९६२ मध्ये जकार्ता एशियाडमध्ये पुन्हा सुवर्णपदक. १९६४ मध्ये आशियाई चषक स्पर्धेत उपविजेतेपद. १९७० मध्ये बँकॉक एशियाडमध्ये कांस्यपदक; त्या संघाचे कर्णधार हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन होते.

या यादीत एक गोष्ट मुद्दाम घातलेली नाही, ती म्हणजे १९५० चा विश्वचषक. गटातल्या बाकीच्या संघांनी माघार घेतल्यामुळे भारताला ब्राझीलला जाण्याची संधी मिळाली होती, पण आपला संघ गेला नाही. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून भारत गेला नाही, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. खुद्द मन्नांनीच पुढे ही गोष्ट खोडून काढली. लांबचा प्रवास, तयारीला अपुरा वेळ आणि विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिक मोठे मानण्याची त्या काळची समजूत, अशी कारणे त्यामागे होती. आलेली संधी घरबसल्या गेली, एवढे खरे.

आता वरच्या यादीतली १९५१ ते १९६२ ही वर्षे पुन्हा पाहा. दोन सुवर्णपदके आणि ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक, सगळे या बारा वर्षांतले आहे. या तिन्ही वेळी संघाला शिकवणारा माणूस एकच होता. हैदराबादचे मरहूम सय्यद अब्दुल रहीम.

हैदराबादचा मास्तर

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठातून ते बी.ए. झाले आणि शिक्षकी पेशात आले. काचिगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी शिकवले. मधल्या काळात शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. हैदराबादच्या कमर क्लबकडून ते स्वतः चांगले खेळत. पण आज त्यांचे नाव निघते ते शिकवण्यामुळे.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. त्यांनी सुरुवात कुठून केली ते लक्षात घेण्यासारखे आहे. मोठे खेळाडू बाहेरून आणण्याच्या मागे न लागता ते मुलांकडे वळले आणि त्यांच्यासाठी निराळ्याच नियमांच्या स्पर्धा भरवू लागले. एका स्पर्धेत चेंडू पायात घोळवत नेण्याला बंदी असे. चेंडू आला की लगेच सोबत्याला द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत कमजोर पायानेच खेळायचे. उजवा चालत असेल त्याने डाव्याने मारायचे.

शिक्षकांना यातली खुबी पटकन कळेल. हुशार मुलाला सगळी उत्तरे स्वतःच द्यायची असतात. त्याला थांबवून शेजाऱ्याला बोलते करावे लागते. आणि ज्या विषयात मूल कच्चे असेल त्याच विषयाचा सराव जास्त घ्यावा लागतो. रहीमसाहेबांनी हेच मैदानावर केले. त्या काळी आपल्याकडे चार जणांना चकवून चेंडू नेणारा खेळाडू लोकांच्या गळ्यातला ताईत असे. रहीमसाहेबांनी मुलांना शिकवले की पळणाऱ्या माणसापेक्षा चेंडू जास्त वेगाने जातो, म्हणून चेंडूला पळवा.

ते सोप्या हिंदुस्तानीत बोलत आणि बोलून माणसात जोश भरत. बंगालचा, पंजाबचा, मद्रासचा, गोव्याचा खेळाडू त्यांच्यासमोर बसला की त्याला आपल्याशीच बोलल्यासारखे वाटे, अशी आठवण त्यांचे खेळाडू म्हातारपणीही सांगत.

मुंबईच्या कूपरेजवर

रहीमसाहेबांचे काम महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. चर्चगेटजवळच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने होत. १८९१ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा बरीच वर्षे गोऱ्या पलटणींच्याच हातात होती. १९३७ मध्ये बेंगळुरू मुस्लिम्स या संघाने ती जिंकली आणि पहिल्यांदा चषक हिंदी संघाकडे आला. १९४० मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने तो उचलला.

आणि मग १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस या एकाच संघाने नेला. या संघाचे उस्ताद रहीमसाहेब होते. कॉन्स्टेबल, जमादार अशा नोकऱ्या करणारी ही मंडळी होती. मुंबईत गोदीत, बोटीवर, बेकरीत काम करणारे आपले कोकणी बुजुर्ग त्या काळी सुटीच्या दिवशी काय बघायला जात, हे घरात कुणी वयस्कर असतील तर जरूर विचारा. कूपरेजचे नाव निघण्याची बरीच शक्यता आहे.

भारतीय संघात पुढे जी नावे येतात त्यांतली बरीच या हैदराबादी शाळेतून आली. मोईनुद्दीन, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, युसुफ खान आणि तुलसीदास बलराम. बलराम सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला मुलगा. रहीमसाहेबांच्या नजरेला तो पडला आणि विशी गाठता गाठता ऑलिम्पिकला जाऊन आला.

दहा गोलांचा धडा

आता पुढची गोष्ट पालकांनी नीट वाचावी, विशेषतः ज्यांच्या मुलांना एखाद्या परीक्षेत कमी गुण पडले आहेत त्यांनी.

एशियाडचे सुवर्णपदक घेऊन भारताचा संघ १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला गेला. पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशी होता. तिथली थंडी, ओले मैदान, समोर बूट घातलेले धिप्पाड खेळाडू आणि आपल्यातले बरेच अजूनही अनवाणी. भारत १-१० असा हरला. आपला एकमेव गोल अहमद खानचा. एका सामन्यात दहा गोल खाऊन संघ मायदेशी परतला.

अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. नशिबाला, हवेला, पंचाला बोल लावायचा. किंवा वही उघडून कुठे चुकले ते पाहायचे. रहीमसाहेब दुसऱ्या जातीचे होते. अनवाणी खेळणे ही आपली शान आहे असे मानणारे पुष्कळ होते. पण हेलसिंकीनंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. बूट घालून चेंडूचा अंदाज येत नाही, पाय जड होतात, अशा तक्रारी खेळाडू करत असत. ती सवय सरावानेच लागली.

यश लगेच आले असेही नाही. १९५४ च्या मनिला एशियाडमध्ये भारताने जपानला ३-२ असे हरवले, पण इंडोनेशियाकडून ०-४ असा मार खाल्ला आणि गटातूनच बाहेर पडावे लागले. मास्तर मात्र शिकवत राहिले आणि महासंघाने त्यांच्यावरचा भरवसा सोडला नाही. आजकाल दोन सामने हरले की प्रशिक्षक बदलतात, म्हणून हे नमूद केले.

मेलबर्न, १ डिसेंबर १९५६

मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपण पुढच्या फेरीत गेलो. तिथे समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता आणि मैदान, प्रेक्षक सगळे त्यांचे होते.

त्या दिवशीचा नायक मुंबईचा होता. नेव्हिल डिसोझा, जन्म गोव्यातल्या आसगावचा, खेळ मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबात वाढलेला. त्याने पहिला गोल केला, ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. त्याने दुसरा केला, त्यांनी पुन्हा बरोबरी केली. दुसऱ्या अर्धात त्याने तिसरा केला आणि मग किट्टूने चौथा गोल करून निकाल पक्का केला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला.

उपांत्य सामन्यात समोर कोण आले? तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल घातले होते. मध्यंतरापर्यंत कुणाचाच गोल नाही. मध्यंतरानंतर ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि काही मिनिटे भारत युगोस्लाव्हियाच्या पुढे होता. शेवटी आपण १-४ असे हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ०-३ असे हरवले आणि पदक हुकले. तरी चार गोल करून नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होता.

१-१० आणि १-४. दोन्ही पराभवच. पण शिक्षकाच्या नजरेने पाहा. तोच पेपर, तोच परीक्षक, मध्ये चार वर्षे. ३५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही जे लिहितो तेच या निकालावर लिहावे लागेल.

१९६० मध्ये रोमला भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. आपण हंगेरीकडून १-२ असे हरलो, फ्रान्सला १-१ असे रोखले आणि पेरूकडून १-३ असे हरलो. तीन सामन्यांत एकही विजय नाही. पण हंगेरीने पुढे त्याच स्पर्धेत कांस्यपदक घेतले आणि फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जींच्या गोलमुळे आपण शेवटच्या काही मिनिटांपर्यंत आघाडीवर होतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

या रोमच्या संघात रहीमसाहेबांचा स्वतःचा मुलगा सय्यद शाहिद हकीम होता. त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही, कारण त्याच्या जागेवर त्याच्यापेक्षा चांगले खेळाडू होते. वडिलांच्या हातात संघ असताना मुलगा बाकावर बसून राहिला. पुढे हकीमसाहेब हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. वशिल्याशिवाय काही होत नाही असे जिथे रोज ऐकू येते, त्या आपल्या समाजात ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

जकार्ता

१९६२ च्या एशियाडला निघाले तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. दुखणे बाजूला ठेवून ते संघाबरोबर गेले.

सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने ०-२ असे हरवले. मग भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवले. पण थायलंडविरुद्ध बचाव फळीचा खांब असलेल्या जर्नैल सिंगच्या डोक्याला मार बसला आणि टाके घालावे लागले. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने पडला होता.

बाहेरचे वातावरण त्याहून बिघडलेले. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. मग या स्पर्धेला एशियाड म्हणता येईल का, असा आक्षेप भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी घेतला. त्यावरून जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला. भारतीय खेळाडू दिसले की लोक हुर्यो करत. अंतिम सामन्याला सेनायन स्टेडियम भरलेले आणि जवळजवळ सगळे प्रेक्षक आपल्या विरोधात. त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघातली मंडळी आपल्यासाठी टाळ्या वाजवत होती, असे आपल्या खेळाडूंनी पुढे वेळोवेळी सांगितले आहे.

उपांत्य सामन्यात मास्तरांनी एक धाडस केले. जर्नैल डोक्याला पट्टी बांधून बचावात खेळू शकत नव्हता, म्हणून त्यांनी त्याला आघाडीवर गोल करायला उभे केले. त्याने गोल केला. कर्णधार चुनी गोस्वामींनी दोन केले आणि दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला.

अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. पहिल्या सामन्यात ज्यांनी हरवले तेच. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांना जवळ बसवून आपल्यासाठी एवढी एक भेट मागितली, असे सांगतात. ४ सप्टेंबर १९६२ रोजी थंगराज ताप अंगावर घेऊन गोलात उभा राहिला. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी आणि २० व्या मिनिटाला त्याच पट्टीवाल्या जर्नैलने गोल केला. कोरियाला शेवटी शेवटी एक गोल करता आला. भारत २, दक्षिण कोरिया १.

त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणांकडे पाहा. थंगराज ख्रिस्ती. जर्नैल फाळणीत घरदार सोडून आलेला पंजाबी शीख. चुनी, पी. के., अरुण घोष, प्रशांत सिन्हा हे बंगाली. बलराम आणि युसुफ खान हैदराबादचे. त्रिलोक सिंग फौजेतला. चंद्रशेखर मूळ केरळचा, पण खेळायचा मुंबईच्या कॅल्टेक्सकडून. फोर्चुनाटो फ्रँको गोव्याचा, मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सचा. म्हणजे अकरात दोघे आपल्या मुंबईच्या मैदानांवर घडलेले. आणि या सगळ्यांचा उस्ताद एक हैदराबादी मुसलमान मास्तर. देशासाठी आपल्या लोकांनी काय केले, असे कुणी आपल्या मुलाला विचारले तर त्याने वाद घालत बसू नये. शांतपणे ही अकरा नावे आणि बारावे मास्तरांचे नाव सांगावे.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेबांचा इंतकाल झाला. वय ५३.

मास्तर गेल्यावर

त्यांनी घडवलेले खेळाडू काही वर्षे पुरले. १९६४ चे उपविजेतेपद आणि १९७० चे कांस्यपदक त्याच पेरणीचे पीक होते. १९७४ मध्ये शब्बीर अलीच्या नेतृत्वाखाली आपल्या युवा संघाने इराणबरोबर आशियाई युवा स्पर्धेचे संयुक्त विजेतेपद मिळवले. त्यानंतर मात्र उतरण लागली. १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकला गेलेला नाही. १९७० नंतर एशियाडमध्ये फुटबॉलचे पदक नाही. फिफाच्या क्रमवारीत आपला सर्वांत चांगला क्रमांक ९४, तोही फेब्रुवारी १९९६ मधला.

सगळेच उजाड आहे असे नाही. दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धा भारताने २०२३ पर्यंत नऊ वेळा जिंकली आहे. सुनील छेत्रीने देशासाठी नव्वदहून अधिक गोल केले आहेत. जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींच्या संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी जिंकून २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. आपल्या घरात मुलींच्या खेळाचा विषय निघाला की जे गप्प बसतात, त्यांनी हा निकाल कानावर घालून घ्यावा.

२०२४ च्या ईदला रहीमसाहेबांवरचा ‘मैदान’ हा चित्रपट आला आणि त्यांचे नाव नव्या पिढीने प्रथमच ऐकले. हे चांगले झाले. पण त्यांचे खरे काम सिनेमात मावण्यासारखे नाही, कारण ते वर्षानुवर्षे, दररोज संध्याकाळी, कुणाचे लक्ष नसताना चाललेले होते. १९६२ चे सुवर्णपदक साठ वर्षे उलटून गेली तरी दुसऱ्या कुणाला पुन्हा आणता आलेले नाही. लोक याचा अभिमान बाळगतात. आम्हाला शिक्षक म्हणून याचे वाईट वाटते. आपल्यापेक्षा पुढे कुणी गेलाच नाही, हे ऐकून कोणत्याही मास्तराला समाधान वाटणार नाही.

लोट्याच्या कातळावर

आता आपल्याकडे वळू. लोटे म्हटले की बाहेरच्या माणसाला लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आठवते, मुंबई-गोवा महामार्ग आठवतो. मुलगा दहावी झाला की आयटीआय, मग कंपनीत पाळी, नाहीतर पासपोर्ट काढून आखातात. यात वाईट काही नाही. याच कमाईवर कोकणातली घरे उभी आहेत. पण या धावपळीत मुलाचा चेंडू आठवीत सुटतो. नववीत क्लास लागतो. आणि वेळापत्रकातला शारीरिक शिक्षणाचा तास कितीतरी शाळांत गणिताला नाहीतर इंग्रजीला दिला जातो.

पालकांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. खेळाने पोट भरते का? रहीमसाहेबांच्या संघाकडेच पाहा. हैदराबादचे खेळाडू पोलिसात होते. पी. के. बॅनर्जी रेल्वेत, थंगराज फौजेत, नेव्हिल आणि फ्रँको टाटांकडे, चंद्रशेखर कॅल्टेक्सला. त्यांना नोकरी खेळामुळे मिळाली होती. आजही महाराष्ट्रात सरकारी भरतीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात आणि ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. आपल्या कितीतरी घरांना हे माहीतही नसते.

वाटही काही गुप्त नाही. शालेय फुटबॉलची सुब्रोतो चषक स्पर्धा १९६० पासून चालू आहे. शाळेचा संघ तालुक्याला खेळतो, तिथून जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली. मुलींसाठीही वेगळा गट आहे. घाटावर कोल्हापुरात जाऊन पाहा. तिथे पाटाकडील, दिलबहार अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत, सामना असला की शाहू स्टेडियमवर माणूस मावत नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापूर आपल्यापासून फार लांब नाही, मध्ये एक सह्याद्री आहे.

आणि फुटबॉलला लागते काय? क्रिकेटला खेळपट्टी हवी, बॅट हवी, कोरडे मैदान हवे. आपल्याकडे चार महिने पाऊस. त्या चिखलातही फुटबॉल चालतो. भातकापणी झाली की मळे मोकळे होतात. जांभ्या दगडाच्या कातळावर दोन चपला ठेवल्या की गोल तयार. अकरा मुलांना एक चेंडू पुरतो. दहा-वीस मुले शाळा सुटल्यावर तासभर घाम गाळतील तर तेवढा वेळ मोबाइल बाजूला राहील, हा नफा निराळाच. कातळावर खेळायचे तर बूट मात्र हवेत. तो धडा हेलसिंकीला एकदा शिकून झाला आहे.

प्रत्येक मूल भारताकडून खेळणार नाही. शंभरातले नव्व्याण्णव खेळणार नाहीत. पण चेंडू सोबत्याला द्यायला शिकलेले, पडलेल्या गुणांची वही उघडून बघायला शिकलेले, मुदपाकखान्यातून हाक येईपर्यंत दमून भागून घरी परतलेले मूल वाया जात नाही, हे आमच्या पेशातला कुणीही सांगेल.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पुढच्या पालक सभेला गेलात की गुणांची चौकशी जरूर करा. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. आठवड्यात खेळाचे तास किती आहेत, आणि त्यांतले किती खरोखर मैदानावर होतात? दहा पालकांनी हा प्रश्न विचारला तर तो तास दुसऱ्या विषयाला देण्यापूर्वी मुख्याध्यापक दोनदा विचार करतील. आपल्या मोहल्ल्यात कुणी तरुण मुलांना संध्याकाळी खेळवत असेल, तर त्याला रिकामटेकडा म्हणू नका. एक चेंडू घेऊन द्या. हैदराबादच्या शाळेत रहीम मास्तरांनीही सुरुवात अशीच, मुले आणि एक चेंडू एवढ्यावर केली होती.